गुंड्यांचा गळपट्टा, सासूबाईंसाठी

कोरेगावहून एका मैत्रिणीचे पत्र आले आहे. चार पाने भरून लिहिले आहे, पण त्यातली मुख्य गोष्ट दोन ओळींची. तिच्या सासूबाई पहाटे साडेचारला उठतात, गोठ्यात जातात, म्हशीची धार काढतात आणि मग अंगणातल्या चुलीवर आंघोळीचे पाणी तापत ठेवतात. थंडीत गळ्याला मुलाचा जुना मफलर गुंडाळलेला असतो. गेल्या आठवड्यात लाकूड सारायला वाकल्या आणि मफलरचे सुटलेले टोक चुलीत गेले. नशीब, सून दारातच उभी होती. टोक नुसते करपले आणि वितळून एकमेकांना चिकटले. सासूबाई म्हणाल्या, "काय न्हाय झालं, कशाला बोंब मारतीस?" आणि दुसऱ्या दिवशी तेच टोक खोचून पुन्हा गोठ्यात!

मैत्रीण विचारते, "मला क्रोशे येते. रुखवतात ताटावरचे रुमाल, तोरण, सगळे मीच केले होते. सासूबाईंच्या गळ्याला घट्ट बसेल, लोंबणार नाही आणि त्यांची बोटे आखडलेली असली तरी त्यांना स्वतःला घालता-काढता येईल असे काही सांगाल का? आणि साधेसुधे नको, जरा झालर वगैरे असावी. नाहीतर त्या म्हणतील, पोतेरे केलेस."

या पत्राने माझा आठवडा घेतला, पण उत्तर सापडले. साताऱ्याहून पूर्वेला निघाले की जरंड्याच्या अंगाने येणारा पहाटेचा वारा काय असतो ते त्या भागातल्या बायकांना सांगायला नको. मात्र हा गळपट्टा कोणालाही उपयोगी पडेल. डोक्यातून घालायचा नाही, त्यामुळे अंबाडा विसकटत नाही, कानातल्या कुड्या अडकत नाहीत. स्कूटरवर मागे बसणाऱ्या मुलींनाही चांगला, कारण चाकात जायला लांब टोकच नाही.

आधी लोकरीविषयी, कारण सगळे तिच्यावरच आहे. दुकानात 'लोकर' म्हणून जे मिळते ते पुष्कळदा ॲक्रिलिक असते. ते स्वस्त, धुवायला सोपे, रंग छान. पण विस्तवाजवळ ते वितळते आणि वितळलेले कातडीला चिकटते. मैत्रिणीच्या पत्रातला मफलर चिकटून बसला तो त्यामुळेच. खरी लोकर जळत नाही असे नाही, पण ती सहजासहजी पेट घेत नाही आणि विस्तव दूर केला की बहुधा आपोआप विझते. ओळखायचे कसे? दोन बोटे लांबीचा धागा चिमट्यात धरून पाण्याच्या भांड्यावर पेटवून पाहा. केस जळल्यासारखा वास आला आणि राख बोटांनी चुरली गेली तर लोकर खरी. भराभर जळून टोकाला कडक काळा मणी झाला तर ॲक्रिलिक. चुलीशी वावरणाऱ्या बाईसाठी खरी लोकरच घ्या, दोन पैसे जास्त पडले तरी.

"मग आपली घोंगडीची लोकर का नको?" असे कोणी विचारील. माणदेशातल्या धनगरांच्या दख्खनी मेंढीची लोकर घोंगडीला नामी, अंथरायला-पांघरायला तिच्यासारखी दुसरी नाही. पण तिचे केस जाड. साधारण तीस मायक्रॉनपेक्षा जाड केस कातडीवर वाकत नाही, टोचतो. मेरिनो मेंढीचा केस वीसच्या आसपास असतो, म्हणून तो मऊ लागतो. पाठीला जे चालते ते गळ्याला चालत नाही.

रंग मी ठरवून टाकला आहे. आपल्याला फोर प्लाय लोकरीचे दोन धागे एकत्र धरून विणायचे आहेत. त्यातला एक मोतिया घ्या आणि एक मरून. विणल्यावर जी ठिपक्या-रेघांची नक्षी उमटते ती थेट वाघ्या घेवड्यासारखी! कोरेगावच्या घेवड्याला भौगोलिक मानांकन मिळाले आहे, तर गळ्यातही मिरवू द्या की. मळखाऊपणाही आपोआप साधतो, गोठ्यात तो हवाच. दोन्ही रंग पाऊणपाऊणशे ग्रॅम, म्हणजे दीडशे ग्रॅममध्ये झालरीसकट होते. सुई पाच मिलिमीटरची. रुखवताचे रुमाल ज्या बारीक पोलादी सुईने केले ती इथे चालणार नाही, धागा आकड्यात मावणारच नाही.

विणीत दोनच टाके आहेत. मुका खांब : सुई टाक्यात घालून धागा ओढून घ्या, सुईवर दोन फासे झाले की पुन्हा धागा घेऊन दोन्हींतून काढा. खांब : आधी सुईवर धागा घ्या, मग टाक्यात घालून धागा ओढा, तीन फासे होतील. धागा घेऊन दोनांतून काढा, पुन्हा धागा घेऊन उरलेल्या दोनांतून काढा. झाले.

आधी नमुना करा. हे सांगितले की सगळ्या मान डोलावतात आणि कोणी करत नाही! पंधरा साखळ्या घालून चौदा टाक्यांच्या दहा ओळी विणा. पट्टी सुमारे अकरा सेंटिमीटर रुंद भरली पाहिजे. जास्त भरली तर सुई बारीक घ्या, कमी भरली तर जाड.

आता खरे काम. सत्तावीस साखळ्या घाला, सैल हाताने. सुईपासून दुसऱ्या साखळीत मुका खांब, पुढच्या साखळीत खांब, पुन्हा मुका, पुन्हा खांब, असे शेवटपर्यंत. सव्वीस टाके होतील आणि शेवटचा खांब असेल. एक साखळी घालून काम फिरवा. पहिल्या टाक्यात, म्हणजे मागच्या ओळीतल्या खांबावर, मुका खांब घाला. त्यापुढच्या मुक्या खांबावर खांब. प्रत्येक ओळ अशीच, मुक्याने सुरू, खांबाने शेवट. ध्यानात ठेवायचे ते एवढेच की उंचावर ठेंगणा आणि ठेंगण्यावर उंच. दोन बोटे विणून झाली की वीण राजगिऱ्याच्या वडीसारखी दाणेदार दिसू लागेल. दिसायला खरबरीत, हाताला मऊ, आणि दाण्यांच्या मधल्या खळग्यांत हवा कोंडून राहते, ती ऊब धरते. दोन्ही बाजू सारख्याच दिसतात हा आणखी एक फायदा. तो पुढे उपयोगी पडणार आहे.

खांबावर खांब आला तर समजा की मागे कुठेतरी टाका चुकला. उसवा. पुढे जाऊन जुळवून घेऊ म्हणाल तर जुळत नाही, मी करून पाहिले आहे.

साठ ओळी झाल्या की गुंड्यांची घरे. गुंड्या दोनच, पण मोठ्या, कोटाच्या असतात तशा. तीन नाजूक गुंड्या दिसायला बऱ्या. पण आखडलेल्या बोटांना त्या पहाटेच्या अंधारात सापडायच्या नाहीत. एकसष्टावी ओळ अशी : चार टाके नेहमीप्रमाणे, मग चार साखळ्या घालून खालचे चार टाके सोडा, मग दहा टाके, पुन्हा चार साखळ्या घालून चार टाके सोडा, शेवटी चार टाके. सगळे आकडे सम आहेत, म्हणून दर तुकडा मुक्या खांबानेच सुरू होईल, डोके खाजवायला नको. बासष्टाव्या ओळीत त्या साखळ्यांवरही एक मुका, एक खांब असे घालत जा. आणखी दोन ओळी विणून बंद करा. वरच्या, म्हणजे हनुवटीकडच्या लांब काठाला दर ओळीच्या टोकाशी एक मुका खांब घालून घ्या. काठ किंचित आत ओढला जातो आणि वारा शिरत नाही.

माझ्या हाताला चौसष्ट ओळींत अठ्ठावन सेंटिमीटर लांबी झाली. त्यातली सात सेंटिमीटर एकावर एक येतात. तुमच्या हाताला कमीजास्त होईल. गळ्याभोवती गुंडाळून, चार बोटे एकमेकांवर येऊन, आत दोन बोटे सहज फिरली की पुरे. एका बैठकीत दहा ओळींपेक्षा जास्त विणू नका, दुहेरी धाग्याने मनगट भरून येते. सगळे मिळून दीड हजारावर टाके आहेत, घाई कसली?

गुंड्या आधी आणू नका. पट्टी पिशवीत घालून दुकानात न्या आणि घरातून घालून पाहा. जरा ताण देऊन जाणारी घ्या. सहज सरकणारी गुंडी सहज निघतेही. आणि लावण्याआधी सासूबाईंना विचारा, कोणता हात जास्त चालतो. वीण दोन्हीकडून सारखी असल्याने घरांची बाजू डावीकडून आणता येते किंवा उजवीकडून, पाहिजे तशी. लावताना लोकरीने नको, जाड दोऱ्याने लावा. गुंडीखाली आगकाडी ठेवून टाके घाला, काडी काढून दोऱ्याला वेढे द्या, म्हणजे गुंडी देठावर उभी राहते आणि पकडायला सोपी जाते. मागच्या बाजूला सदऱ्याची एक लहान गुंडी आधाराला लावली तर वीण ओढली जात नाही.

राहिली झालर. खरे सांगायचे तर माझे मन कचरत होते. टोक चुलीत गेले म्हणून हा खटाटोप आणि आपण पुन्हा धागे लोंबवायचे? पण साठी उलटलेल्या बाईला काही हौसेचे नकोच, हे आपण कोण ठरवणार? तेव्हा झालर आखूड, पाच-सहा सेंटिमीटरची, आणि फक्त खांद्यांवर आणि पाठीवर. पुढचा सगळा भाग मोकळा. जुन्या लग्नपत्रिकेतून सात सेंटिमीटर रुंदीची पट्टी कापा, तिच्यावर धागा गुंडाळा आणि एका कडेने कापा, चौदा-चौदा सेंटिमीटरचे सारखे तुकडे मिळतील. दोन तुकडे एकत्र दुमडा, खालच्या काठातून सुईने दुमड ओढा, तिच्यातून टोके काढून घट्ट करा. एक ओळ सोडून एक. पदराला गोंडे बांधणाऱ्या बायकांना हे सांगायला नकोच. शेवटी कात्रीने एका रेषेत छाटा. ज्यांचा चुलीशी संबंध नाही त्यांनी खुशाल भोवती सगळीकडे लावावी. फक्त आत जाणारा सात सेंटिमीटरचा भाग सोडा, नाहीतर तिथे फुगवटा येतो. मंगळसूत्र मात्र आत, झंपराखाली घाला. वाटी दाणेदार विणीत अडकली की दोन्हींचे नुकसान.

पत्रातले आणखी एक वाक्य मनात राहिले. "यजमान म्हणतात, विकत मिळते ते, उगाच वेळ घालवतेस." यजमानांना माझ्या वतीने एक सांगा. सुयांच्या विणकामाची यंत्रे आहेत, पण खरे क्रोशे करणारे यंत्र बाजारात नाही. यंत्राचे म्हणून जे दिसते ते क्रोशासारखे दिसणारे दुसरेच विणकाम असते. म्हणजे जत्रेत किंवा मोठ्या दुकानात खरे क्रोशाचे काही स्वस्तात दिसले, तर कुठल्यातरी बाईच्या हातांनी ते टाक्याटाक्याने केलेले असते. आयर्लंडमध्ये १८४५ नंतर बटाट्याचे पीक गेले आणि दुष्काळ पडला, तेव्हा तिथल्या कित्येक घरांना या आकड्याच्या सुईने जगवले. आपल्याकडे मिशनच्या बायकांबरोबर ती आंध्रात नरसापूरला पोचली. तिथल्या लेस विणणाऱ्या बायकांवर मारिया मीस या जर्मन अभ्यासक बाईंनी 'द लेसमेकर्स ऑफ नरसापूर' हे पुस्तक १९८२ साली लिहिले. घरकाम सांभाळून दिवसाचे सहा-सहा, आठ-आठ तास त्या बायका विणत, माल परदेशी जाई, व्यापारी श्रीमंत होत, आणि बायकांना म्हणत, घरी बसून फावल्या वेळात करतात! कामाला 'फावला वेळ' म्हटले की मजुरी कमी द्यायला बरे. तेव्हा 'वेळ घालवणे' हा शब्द जपून वापरलेला बरा.

धुवायचे ते कोमट किंवा गार पाण्यात, रिठ्याच्या फेसाने, न चोळता. गरम पाण्यात खरी लोकर आटते आणि मग तो गळपट्टा नातवालाच होतो. पिळू नका. टॉवेलात गुंडाळून दाबा आणि सावलीत खाटेवर आडवा पसरून वाळवा. दोरीवर टाकला तर लांबतो. उन्हाळ्यात ठेवताना पूर्ण वाळवून, सुकलेला कडुनिंबाचा पाला घालून जुन्या सुती कापडात बांधा. डांबरगोळ्या घरात तान्हे मूल असेल तर नकोत.

हा नमुना मी मैत्रिणीला आधीच पत्राने कळवला होता. कालच तिचे उत्तर आले. सासूबाई आधी म्हणाल्या, "मला म्हातारीला कशाला नटवतीस? पोरांस्नी कर." दोन दिवस गळपट्टा खुंटीवर होता. तिसऱ्या दिवशी पहाटे खुंटी रिकामी. गुंड्या स्वतःच्या हाताने लागतात, वरची जरा झगडून. पाठीवरची झालर म्हशीने एकदा चाटली, एवढीच तक्रार. आता शेजारच्या काकूंनाही तसाच हवा आहे, पण त्यांची मान जाड, तर ओळी किती वाढवू, असे ती विचारते.

सहा वाढव. म्हणजे सहासष्ट ओळी झाल्यावर गुंड्यांची घरे घ्यायची, आणि लोकर पंचवीस ग्रॅम जास्त आण.