विश्लेषण : नाक इस्तंबूलमध्ये, टाके सावर्ड्यात? परदेशी सौंदर्य शस्त्रक्रियांत खरी जोखीम कुठे असते?

विमानतळावरून हॉटेल, हॉटेलातून क्लिनिक, मधल्या वेळेत शहराची सहल आणि चौथ्या-पाचव्या दिवशी परतीचे विमान. केशरोपण, नाकाची ठेवण बदलणे, पोटावरची चरबी काढणे अशा शस्त्रक्रियांची ‘पॅकेजेस’ आता मोबाइलवर रोज दिसतात. रील पाहून चौकशी करणाऱ्यांत मुंबई-पुण्याचे लोक आहेत, तसेच आखातात नोकरी करणारे कोकणातले तरुणही आहेत. प्रश्न एवढाच, की पॅकेज विमानतळावर संपते, पण जखम भरायला तिथून पुढे आठवडे लागतात. ते आठवडे रुग्ण घरी, म्हणजे सावर्डे-चिपळूणसारख्या गावी काढतो. या काळात काही बिघडले तर जबाबदारी कोणाची?

कोणता देश कशासाठी ओळखला जातो?

तुर्कीतील इस्तंबूल हे केशरोपण आणि नाकाच्या शस्त्रक्रियेचे मोठे केंद्र आहे. थायलंडमध्ये बँकॉक आणि फुकेत येथे स्तन, चेहरा आणि लिंगभाव-पुष्टी शस्त्रक्रियांसाठी परदेशी रुग्ण येतात. दक्षिण कोरियात सेऊलचा गंगनम भाग पापण्या, जबडा आणि नाकाच्या शस्त्रक्रियांसाठी प्रसिद्ध आहे. अमेरिकी रुग्ण प्रामुख्याने मेक्सिको, डॉमिनिकन रिपब्लिक आणि कोलंबियाकडे वळतात. या देशांत उत्तम शल्यचिकित्सक आणि सुसज्ज रुग्णालये आहेत, हे नाकारता येत नाही. मात्र त्याच रस्त्यावर, तशाच चकचकीत पाटीखाली परवाना नसलेले क्लिनिकही असू शकते. हजारो किलोमीटरवरून मोबाइलच्या पडद्यावर या दोहोंतला फरक कळत नाही.

भारतात खर्च कमी असताना लोक बाहेर का जातात?

युरोप-अमेरिकेतले रुग्ण पैसे वाचवायला परदेशी जातात. आपल्याकडचे कारण तसे सरळ नाही. उलट परदेशी रुग्णच उपचारांसाठी भारतात येतात आणि त्यांच्यासाठी केंद्र सरकारचा वेगळा वैद्यकीय व्हिसा आहे. तरीही बाहेर जाण्यामागे तीन कारणे दिसतात. पहिले, प्रसिद्धी. एखाद्या शहराचे नाव एका शस्त्रक्रियेशी इतके जोडले जाते, की तिथे जाणे हीच गुणवत्तेची खूण वाटू लागते. दुसरे, वाट. दुबई, दोहा किंवा कुवेतहून सुट्टीवर निघालेल्याला इस्तंबूल फार आडवळणाचे वाटत नाही. तिसरे आणि महत्त्वाचे म्हणजे गुप्तता. गावात कोणाला कळू नये, सुट्टीवरून परतताना ‘सगळे झालेले’ असावे, ही इच्छा. हीच इच्छा पुढे उपचारांत अडथळा ठरते.

या शस्त्रक्रियेचे पुण्याशी नाते काय?

आज रुग्ण परदेशी जातो. सव्वादोनशे वर्षांपूर्वी मात्र शस्त्रक्रियाच पुण्याहून परदेशी गेली होती. लंडनच्या ‘जेंटलमन्स मॅगझिन’च्या ऑक्टोबर १७९४ च्या अंकात एक पत्र छापून आले. १७९२ च्या युद्धात इंग्रजी फौजेबरोबर असलेला कावसजी नावाचा मराठा बैलगाडीवान टिपू सुलतानाच्या हाती लागला आणि त्याचे नाक व एक हात कापण्यात आला. वर्षभराहून अधिक काळ तो नाकाविना राहिला. पुढे पुण्याजवळ विटा भाजणाऱ्या जातीतल्या एका माणसाने त्याला नवे नाक बसवून दिले. इंग्रज डॉक्टरांनी ही शस्त्रक्रिया प्रत्यक्ष पाहिली होती.

पत्रातली कृती नेमकी आहे. मेणाचा साचा करून तो कपाळावर पसरायचा, त्या मापाची कातडी सोडवायची, भुवयांच्या मध्ये तिचा एक देठ जोडलेला ठेवायचा आणि ती खाली वळवून नाकाच्या जागी बसवायची. सांधा धरून राहावा म्हणून पाण्यात कालवलेला कात लावलेल्या कापडाच्या पट्ट्या एकावर एक ठेवायच्या. सावर्डे परिसर ज्या व्यवसायासाठी ओळखला जातो, तोच हा कात. चार दिवसांनी पट्ट्या काढून तुपात भिजवलेले कापड ठेवायचे. रुग्णाला पाच-सहा दिवस उताणे झोपवायचे. आणि कपाळाशी जोडलेला कातडीचा देठ साधारण पंचविसाव्या दिवशी कापायचा.

हे वर्णन युरोपात गाजले. लंडनचे शल्यचिकित्सक जोसेफ कार्प्यू यांनी १८१४ मध्ये याच पद्धतीने शस्त्रक्रिया केली आणि १८१६ मध्ये त्यावर पुस्तक प्रसिद्ध केले. आजच्या प्लास्टिक सर्जरीच्या इतिहासात ही पद्धत ‘भारतीय पद्धत’ म्हणूनच नोंदली गेली आहे. आजच्या चर्चेसाठी यातला महत्त्वाचा आकडा पंचवीस दिवसांचा आहे. नाक एका दिवसात बसले, पण देठ कापेपर्यंतचे पंचवीस दिवसही त्याच शस्त्रक्रियेचा भाग होते. भूल, जंतुनाशके, प्रतिजैविके यांमुळे शस्त्रक्रिया आता कितीतरी सुरक्षित झाली. तरी जखम भरण्याचा काळ पॅकेजच्या मापात बसवता येत नाही.

जोखीम शस्त्रक्रियेत अधिक, की परतीच्या प्रवासात?

दोन्हींत आहे. पण प्रवासातली जोखीम जाहिरातीत दिसत नाही. मोठ्या शस्त्रक्रियेनंतर शरीरात रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढते. त्यात तासन्तास एका जागी बसून विमानप्रवास झाला, तर पायाच्या शिरेत गुठळी होऊ शकते. ती फुप्फुसात पोहोचल्यास प्राणावर बेतते. म्हणून ब्रिटनची सार्वजनिक आरोग्य सेवा परदेशी शस्त्रक्रिया करून घेणाऱ्यांना सांगते, की स्तन किंवा चरबी काढण्याच्या शस्त्रक्रियेनंतर पाच ते सात दिवस आणि चेहऱ्याच्या शस्त्रक्रियेनंतर सात ते दहा दिवस विमानप्रवास टाळावा लागू शकतो. कोकणातल्या रुग्णाला तर मुंबई विमानतळापासून सावर्ड्यापर्यंत सुमारे अडीचशे किलोमीटरचा महामार्गही आहेच.

केशरोपण त्या मानाने लहान, कारण ते जागा बधिर करून होते. पण तेही निर्धोक नाही. बधिर करण्याच्या औषधाची मात्रा जास्त झाली किंवा त्याची तीव्र प्रतिक्रिया आली, तर हृदय आणि मेंदूवर परिणाम होतो. शिवाय डोक्याच्या मागच्या भागातले केस ही मर्यादित शिल्लक असते. एकाच बैठकीत ‘जास्तीत जास्त ग्राफ्ट’ काढण्याच्या हव्यासात ती संपली, तर पुढे दुरुस्तीलाही केस उरत नाहीत. अंतिम परिणाम दिसायला नऊ महिने ते वर्ष लागते. म्हणजे फसगत कळेपर्यंत क्लिनिकशी संपर्क उरलेला असेलच असे नाही.

इतर देशांचा अनुभव काय सांगतो?

अमेरिकेच्या रोग नियंत्रण व प्रतिबंध केंद्राने (सीडीसी) जानेवारी २०२४ मध्ये एक अहवाल प्रसिद्ध केला. डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये सौंदर्य शस्त्रक्रिया केल्यानंतर २००९ ते २०२२ या काळात ९३ अमेरिकी नागरिकांचा मृत्यू झाल्याची त्यात नोंद आहे. २०१९ आणि २०२० मधील मृत्यूंचा तपशील तपासला असता, बहुतेकांत चरबीचे कण किंवा रक्ताची गुठळी फुप्फुसात अडकल्याचे आढळले. चरबी काढणे, ती नितंबात भरणे, पोट घट्ट करणे अशा अनेक शस्त्रक्रिया एकाच वेळी केलेल्यांचे प्रमाण त्यात मोठे होते. ‘एकाच खर्चात तीन गोष्टी’ ही ऑफर म्हणूनच आकर्षक नव्हे, धोक्याची मानायला हवी.

२०२३ मध्ये मेक्सिकोतील मातामोरोस शहरात दुसरा प्रकार घडला. तेथील दोन क्लिनिकमध्ये पाठीच्या कण्यात भूल देऊन सौंदर्य शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांना बुरशीजन्य मेंदूज्वर झाला. दहाहून अधिक जण दगावले. लक्षणे अनेकांना घरी परतल्यावर दिसू लागली. साधी डोकेदुखी म्हणून आलेल्या रुग्णाने ‘मेक्सिकोत शस्त्रक्रिया झाली’ हे सांगितले नाही, तर डॉक्टरने बुरशीचा विचार तरी का करावा?

शस्त्र कोणाच्या हातात असते?

हा कळीचा प्रश्न आहे. दक्षिण कोरियात एका नामांकित डॉक्टरशी बोलणी व्हायची आणि रुग्ण बेशुद्ध झाल्यावर दुसराच कोणी शस्त्रक्रिया करायचा. अशा प्रकारांवरून जनक्षोभ झाला आणि बेशुद्ध रुग्णावर शस्त्रक्रिया होणाऱ्या ठिकाणी कॅमेरे बसवणे तिथे सप्टेंबर २०२३ पासून कायद्याने बंधनकारक झाले. केशरोपणात डॉक्टरऐवजी तंत्रज्ञच सारे काम उरकतात, अशी तक्रार या क्षेत्रातल्या आंतरराष्ट्रीय संघटनेने वारंवार केली आहे. तुर्कीत परदेशी रुग्ण घेणाऱ्या संस्थांना आरोग्य मंत्रालयाचे वेगळे प्रमाणपत्र लागते. रुग्णालयांना ‘जेसीआय’सारखी आंतरराष्ट्रीय मान्यताही असते. पण अशी मान्यता संस्थेला मिळते. तुमच्यावर शस्त्रक्रिया करणाऱ्या व्यक्तीच्या कौशल्याची हमी ती देत नाही.

मग भारतात सारे आलबेल आहे का?

नाही. मार्च २०१९ मध्ये मुंबईत केशरोपणानंतर एका व्यावसायिकाचा मृत्यू झाला. मे २०२२ मध्ये कन्नड अभिनेत्री चेतना राज यांचा बेंगळूरुत चरबी काढण्याच्या शस्त्रक्रियेनंतर मृत्यू झाला. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने सप्टेंबर २०२२ मध्ये मार्गदर्शक सूचना काढून स्पष्ट केले, की कार्यशाळेत किंवा यूट्यूबवर पाहणे म्हणजे सौंदर्य शस्त्रक्रियेचे प्रशिक्षण नव्हे. प्लास्टिक सर्जरीचे किंवा शस्त्रक्रियेच्या प्रशिक्षणासह त्वचारोगाचे शिक्षण घेतलेल्या डॉक्टरांनीच ती करावी. फरक इतकाच, की इथे डॉक्टरची नोंदणी वैद्यकीय परिषदेकडे तपासता येते, तक्रार करता येते आणि टाके दुखले तर त्याच डॉक्टरकडे परत जाता येते.

बिघडले तर खर्च कोणाचा आणि दाद कुठे मागायची?

आरोग्य विम्यात सौंदर्य शस्त्रक्रिया वगळलेली असते. विमा नियामकाने ठरवलेल्या प्रमाणित अपवादांनुसार अपघात, भाजणे, कर्करोग किंवा वैद्यकीय गरज म्हणून केलेली पुनर्रचना तेवढी ग्राह्य धरली जाते. प्रवास विमा अचानक उद्भवलेल्या आजारासाठी असतो. ठरवून केलेल्या शस्त्रक्रियेसाठी सहसा नसतो. त्यामुळे परत आल्यावर जंतुसंसर्ग झाला, तर दुरुस्तीचा खर्च खिशातूनच होण्याची शक्यता अधिक. करांच्या बाबतीतही हाच भेद आहे. आरोग्यसेवेला जीएसटी माफ असला, तरी केशरोपण आणि केवळ सौंदर्यासाठीची शस्त्रक्रिया या सवलतीत येत नाही. जन्मजात व्यंग किंवा दुखापत यांसाठी केलेली येते.

दाद मागण्याचे म्हणाल, तर १९९५ च्या व्ही. पी. शांता खटल्यातील सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापासून पैसे देऊन घेतलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली येते. २०१९ च्या कायद्याने ग्राहकाला तो राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करण्याची मुभा दिली. ५० लाख रुपयांपर्यंत मोबदला दिलेली प्रकरणे जिल्हा आयोगाकडे जातात. म्हणजे सावर्ड्यातला ग्राहक रत्नागिरीत तक्रार करू शकतो. पण इस्तंबूलच्या क्लिनिकला नोटीस पोहोचवणे आणि निकाल लागलाच तर त्याची अंमलबजावणी तिथे करून घेणे, ही वेगळीच लढाई. त्यातल्या त्यात हाताशी येतो तो भारतात बसून पॅकेज विकणारा एजंट. म्हणून पैसे त्याला दिले असतील तर त्याची पावती, जाहिरातीचा स्क्रीनशॉट आणि व्हॉट्सअॅपवरचे आश्वासन जपून ठेवावे.

तरीही जायचेच असेल तर?

निर्णय ज्याचा त्याचा. मात्र पैसे भरण्याआधी काही गोष्टी लेखी मिळायला हव्यात. शस्त्रक्रिया आणि भूल कोण देणार, त्यांची नावे, नोंदणी आणि विशेष पात्रता. रुग्णालयात अतिदक्षता विभाग आहे का? दुरुस्ती लागली तर खर्च कोण करणार? क्लिनिकच्या समन्वयकाशी नव्हे, तर शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरशी आधी बोलणे झालेच पाहिजे. मधुमेह, रक्तदाब, धूम्रपान, गर्भनिरोधक गोळ्या यांची माहिती लपवू नये. परतीचे तिकीट पॅकेजच्या सोयीने नव्हे, जखमेच्या सोयीने काढावे आणि तारीख बदलता येणारे असावे. परतताना शस्त्रक्रियेचा तपशील, दिलेली औषधे, शरीरात बसवलेल्या वस्तूचे नाव व क्रमांक असलेली इंग्रजी कागदपत्रे सोबत हवीत.

निघण्यापूर्वीच गावाकडच्या एका डॉक्टरला विश्वासात घ्यावे. सावर्ड्याशेजारी डेरवणला वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय आहे, ही या परिसराची जमेची बाजू. पण कोणत्याही रुग्णालयात तातडीच्या विभागातला डॉक्टर रुग्णाने सांगितलेल्या माहितीवरच पुढे जातो. परतल्यावर पोटरीला सूज, छातीत दुखणे, धाप लागणे, ताप, जखमेतून पू किंवा न थांबणारी डोकेदुखी यांपैकी काहीही झाले, तर वाट न पाहता रुग्णालय गाठावे आणि पहिल्याच वाक्यात सांगावे, की शस्त्रक्रिया झाली आहे, कुठे आणि केव्हा. घरच्यांपासून ती लपवायची की नाही, हा खासगी प्रश्न आहे. डॉक्टरपासून लपवली, तर उपचाराचे पहिले काही तास वाया जातात, आणि गुठळी किंवा मेंदूज्वरात तेच तास निर्णायक ठरतात.