दुसऱ्यांदा खुबा बदलताना सिमेंटचा आग्रह कशासाठी?

बदललेला खुबा सैल झाला, मांडी दुखू लागली आणि पुन्हा शस्त्रक्रिया ठरली, की घरचे विचारतातच: "डॉक्टर, सिमेंट न लावता मांडीच्या हाडात नुसता ठोकून बसवलेला कृत्रिम सांध्याचा दांडा टिकणार कसा?" शंका मनापासूनची असते. पण तिच्यामागे सिमेंट म्हणजे गोंद हा समज आहे आणि तो चूक आहे.

हाडाचं सिमेंट चिकटत नाही, अडकतं. पहिल्या वेळी मांडीच्या हाडाची पोकळी आतून जाळीदार असते. मऊ सिमेंट दाबून भरलं की ते त्या जाळीत शिरून घट्ट होतं. सांधा सैल होऊन वर्षानुवर्षं हलत राहिला की जाळी नाहीशी होते, उरते गुळगुळीत, टणक भिंत. मग सिमेंट शिरणार कुठे? १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात पहिल्या फेरशस्त्रक्रियेत ही पकड मूळच्या सुमारे २० टक्क्यांवर आलेली दिसली, दुसऱ्या फेरीत ७ टक्क्यांच्या आसपास.

जर्मनीच्या हाइन्त्स वाग्नर यांनी १९८७ मध्ये वेगळी वाट धरली. वरचं खराब हाड सोडून द्यायचं आणि निमुळता, उभ्या कंगोऱ्यांचा लांब टायटॅनियमचा दांडा खालच्या चांगल्या हाडात पाचरीसारखा रुतवायचा. कंगोरे हाडात घुसतात, दांडा फिरत नाही, पुढे हाड त्याला धरतं. मला सर्वांत मोलाची वाटते ती पुढची गोष्ट: अनेक रुग्णांत वरचं झिजलेलं हाडही हळूहळू पुन्हा भरून आलं.

हे दांडे खाली सरकतात, हा आक्षेप मात्र खरा आहे. सुरुवातीच्या अनुभवात ते पुष्कळदा सरकले, काहींचा सांधाही निखळला. पण दांडा गरजेपेक्षा बारीक निवडणं हे त्याचं एक मोठं कारण होतं, आणि बहुतेक दांडे पहिल्या काही महिन्यांत सरकून मग स्थिरावतात.

सिमेंटविरोधकांचंही एक म्हणणं खोडावंच लागेल. सिमेंट सांध्याभोवतीचं हाड खातं असं मानून हाड झिजण्याच्या विकाराला 'सिमेंटचा रोग' असं नाव पडलं होतं. पुढे सिमेंट नसलेल्या सांध्यांभोवतीही हाड झिजलेलं सापडलं. मुख्य दोषी निघाले कृत्रिम सांध्याच्या वाटीतल्या प्लॅस्टिकचे झिजून सुटणारे कण. त्यांच्यावर तुटून पडणाऱ्या शरीराच्या पेशीच शेवटी हाड विरघळवतात. म्हणजे सिमेंट टाळलं, पण वाटीत झिजणारं प्लॅस्टिक तसंच ठेवलं, तर दांडा कितीही पक्का बसवा, धोका कायम.

सिमेंट बादही नाही. जुनं सिमेंट हाडाला पक्कं धरून असेल तर त्यातच नवा दांडा बसवता येतो. इंग्लंडमधल्या एक्सेटर आणि नेदरलँड्समधल्या नाइमेखनच्या शल्यविशारदांनी हाडाचा चुरा ठासून त्यावर सिमेंट वापरलं, तेही यशस्वी ठरलं. आणि जंतुसंसर्ग असेल तर तो निपटल्याशिवाय दोन्हींचा उपयोग नाही.

म्हणून घरच्यांनी एक्स-रे समोर ठेवून विचारावं: दांडा आवळून धरायला खाली चांगलं हाड किती सेंटिमीटर उरलंय?