सह्याद्री धावला, पण समुद्राचं काय?

लंडनला ऑनसाईट गेलेल्या मराठी माणसाच्या अल्बमात एक फोटो हमखास सापडतो. मागे टॉवर ब्रिज, पुढे थेम्समध्ये उभी राखाडी युद्धनौका आणि मधे जॅकेट घालून कुडकुडणारे आपण. माझ्याकडेही आहे. नौकेचं नाव एचएमएस बेलफास्ट. एका वीकांताला तिकीट काढून आत शिरलो, तोफा, बॉयलर, खलाशांच्या झोळ्या सगळं बघितलं आणि रूमवर येऊन सवयीप्रमाणे रात्रभर जालावर वाचत बसलो.

ही बेलफास्ट ब्रिटिश नौदलाच्या दहाव्या क्रूझर स्क्वाड्रनची. २६ डिसेंबर १९४३ ला नॉर्वेच्या वर, ध्रुवीय अंधारात, 'शार्नहॉर्स्ट' ही जर्मन युद्धनौका बुडाली, तेव्हा स्क्वाड्रनचा प्रमुख बर्नेट बेलफास्टवर होता. पुढे जून १९४४ मध्ये नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर तिने तोफा डागल्या.

त्याआधी या स्क्वाड्रनची ध्वजनौका होती 'नायजेरिया'. जून १९४१ मध्ये तिने आणि सोबतच्या विनाशिकांनी 'लाउएनबुर्ग' नावाची जर्मन हवामान-नौका पकडली आणि एनिग्माची गुपितं असलेले कागद हाती लागले. (आपण सॉफ्टवेअरवाले ट्युरिंगचं नाव घेऊन कॉलर ताठ करतो, त्याच्या टेबलावरचा माल असा समुद्रातून यायचा.) १२ ऑगस्ट १९४२ ला माल्टाकडे निघालेल्या काफिल्यात एका इटालियन पाणबुडीने तिला टॉर्पेडो मारला. ५२ खलाशी गेले. तरी ती लंगडत जिब्राल्टरला पोचली. तिसरी नौका 'डायडेम'. ही नायजेरियानंतर स्क्वाड्रनमध्ये आली आणि जानेवारी १९४५ मध्ये नॉर्वेच्या किनाऱ्यापाशी जर्मन विनाशिकांशी लढली.

इथवर सगळं छान. मग या नौकांच्या पानावरची शेवटची ओळ येते. नायजेरिया: १९५४ मध्ये भारताला विकली. डायडेम: १९५६ मध्ये पाकिस्तानला विकली. बस्स. खेळ खल्लास. जणू गोऱ्या खलाशांनी नौका सोडली आणि तिचा इतिहासच बंद पडला! आपण म्हणजे भंगारवाले. आणि चिडचिड याची, की आपल्याकडचे दुसऱ्या महायुद्धाचे भक्तही तीच ओळ वाचून टॅब बंद करतात. बिस्मार्कच्या चिलखताची जाडी तोंडपाठ, आणि नायजेरियाची 'आयएनएस मैसूर' झाली हे माहीत नाही.

डायडेम ५ जुलै १९५७ ला 'पीएनएस बाबर' झाली. नायजेरिया २९ ऑगस्ट १९५७ ला 'मैसूर'. एकाच स्क्वाड्रनच्या दोन नौका, दोन महिन्यांच्या आत, दोन शत्रूंच्या हाती.

१९६५ च्या सप्टेंबरात, ७ तारखेच्या रात्री, पाकिस्तानच्या सात नौकांनी द्वारकेवर तोफा डागल्या. त्या ताफ्यात बाबर होती. आणि आपण? विक्रांत गोदीत दुरुस्तीला. मैसूर ताफ्यासह बंगालच्या उपसागरात गेलेली, युद्ध पेटल्यावर परत बोलावलेली. 'तलवार' जवळच ओख्याला, पण यंत्रात बिघाड. या सगळ्याच्या वर एक लेखी हुकूम: नौदलाने पोरबंदरच्या अक्षांशाच्या उत्तरेला जायचं नाही, समुद्रावर आपण होऊन आक्रमण करायचं नाही. नकाशा उघडून बघा. द्वारका पोरबंदरच्या उत्तरेला आहे.

हुकूम संरक्षण मंत्रालयाचा. आता मी मुद्द्यावर येतो आणि आमच्या तालुक्यात माझं येणं-जाणं बंद होण्याची तयारी ठेवतो. संरक्षणमंत्री होते यशवंतराव चव्हाण, जन्म देवराष्ट्रे, म्हणजे आमच्याच कडेगाव तालुक्यातले.

'हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला' हे वाक्य आम्ही शाळेत इतक्या वेळा ऐकलंय की वक्त्याने 'हि' म्हटलं की टाळ्या सुरू. त्या वाक्यात दोन डोंगर आहेत, समुद्र नाहीच. आणि खरोखर, १ सप्टेंबरला छांबमध्ये पाकिस्तानी रणगाडे घुसल्यावर याच यशवंतरावांनी हवाई दलाला काही मिनिटांत परवानगी दिली. त्या धडाडीबद्दल मुजरा. मग नौदलालाच दावं का?

नौदलप्रमुखही मराठी, भास्कर सोमण. त्यांनी हुकूम मुकाट्याने गिळला नाही. संरक्षणमंत्र्यांकडे गेले, पंतप्रधान शास्त्रींकडे गेले. हुकूम हलला नाही.

कारणं होती, ती लपवणार नाही. इंडोनेशिया अंदमानकडे काही उद्योग करील ही धास्ती होती. युद्ध समुद्रावर पसरू नये ही इच्छा होती. पण किनारा राखायची जबाबदारी द्यायची आणि किनाऱ्याचा वरचा तुकडा रेघेपलीकडे ठेवायचा, हे धोरण मला आजही पटत नाही. गोळे बहुतेक मोकळ्या जमिनीत पडले, नुकसान किरकोळ झालं, हे उत्तर तर अजिबात चालणार नाही. टेस्टिंग न करता रिलीज केलं आणि नशिबाने सर्व्हर पडला नाही, म्हणून कोणी पाठ थोपटून घेतं का? मैसूरच्या नऊ सहा-इंची तोफा भारी की बाबरच्या आठ सव्वापाच-इंची, हा फोरमवरचा वाद ज्यांना घालायचा त्यांनी घालावा. १९७१ मध्ये हीच मैसूर पश्चिम ताफ्याची ध्वजनौका होती, आणि ४ डिसेंबरच्या रात्री आपल्या क्षेपणास्त्र नौका थेट कराचीवर गेल्या. नौदल तेच होतं, दिल्लीने हात मोकळे ठेवले होते.

मोहरमला गावी गेलो होतो, ताबूत बघायला. जेवताना हे सगळं चुलत्यांना सांगितलं. टेंभूचं पाणी सोडून कुठल्याच पाण्यात त्यांना रस नाही, पण भाकरी मोडता मोडता थांबले.

"आरं, सायबांवर बोलतूस व्हय?"

"बोलत नाही आप्पा, विचारतोय."

बराच वेळ गप्प होते. हात धुऊन आले, चष्मा लावला आणि माझा मोबाईल पुढं ओढला.

"हं. पोरबंदर कुठं आलं, दाव बघू."