गाइड की वही?

मी मॅट्रिकपर्यंतच शिकलेला शाळामास्तर, तरी बोलणारच! डोंबिवलीतला माझा एक माजी विद्यार्थी बी. ए.ला अर्थशास्त्र शिकतो. ठाण्यातले कारखाने जाऊन टॉवर उभे राहिले. त्यात कोणाचे साधले नि कोणाचे बुडाले, हे त्याला जुन्या कामगारांना विचारून लिहायचे होते. प्राध्यापक म्हणाले, "संशोधन एम. ए.नंतर. तूर्त गाइड पाठ कर."

वा रे विद्या! विलायती अर्थशास्त्राचे सिद्धांत इथल्या परिस्थितीवर पारखून घ्या, असे न्यायमूर्ती रानड्यांनी १८९२ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजात बजावले होते. ते पारखायचे कोणी? लोकलच्या दारात लोंबकळत कॉलेज गाठणाऱ्या पोराने नाही, तर कोणी?

वाचकहो, लक्ष्मीपूजनाला व्यापारी वही पुजतो. तुम्ही पोराच्या हाती एक कोरी वही द्या.