कालाकुंडची गाडी चालती ठेवू या

एके काळी पूर्णा, हिंगोली, वाशीम, अकोला इथून मीटरगेजच्या गाडीत बसलं की थेट इंदूरला उतरता यायचं. आपल्याकडच्या कितीतरी सुना याच गाडीनं सासरी आल्या, मुलं याच गाडीनं आजोळी गेली.

तो मार्ग तुकड्यातुकड्यानं संपला. पूर्णा–अकोला 2008 मध्ये ब्रॉडगेज झाला. 2023 च्या सुरुवातीला महू–ओंकारेश्वर गाडीही थांबली. आपल्या हाताशी उरलाय तो इंदूरजवळचा पाताळपाणी ते कालाकुंड हा जेमतेम 10 किलोमीटरचा घाट.

हा घाट होळकरांच्या पैशानं उभा राहिला, हे मुलांना सांगायला हवं. 1870 मध्ये दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी खंडवा–इंदूर मार्गासाठी इंग्रज सरकारला 1 कोटी रुपये कर्जाऊ दिले, साडेचार टक्के व्याजानं आणि 101 वर्षांच्या मुदतीनं! नर्मदेवर पूल झाला, विंध्याचा कडा फोडला, 40 फुटांमागे 1 फूट असा खडा चढ बांधला आणि 1878 पर्यंत रूळ इंदूरला भिडले. इंदूरच्या राजवाड्याइतकाच हा घाटही आपला वारसा आहे.

डिसेंबर 2018 मध्ये रेल्वेनं इथे हेरिटेज गाडी सुरू केली, हे फार चांगलं झालं. पावसाळ्यात एकदा जाऊन पाहाच. पाताळपाणीला टंट्या मामांचं देऊळ आहे. या भिल्ल वीराला इंग्रजांनी 1889 मध्ये फाशी दिलं. आजही तिथून जाताना गाडी शिट्टी वाजवून त्यांना मान देते. पुढे 4 बोगदे, खाली चोरल नदी, आणि कालाकुंडच्या फलाटावर पळसाच्या पानात मिळणारा कलाकंद. त्या कलाकंदावर गावातल्या घरांच्या चुली पेटतात. पर्यटन म्हणतात ते याहून वेगळं काय असतं?

काळजी वेगळीच आहे. आजूबाजूचं मीटरगेज गेल्यामुळे हा तुकडा एकटा पडलाय. जुनी इंजिनं, जुने डबे, त्यांचे सुटे भाग आणि ते जाणणारे हात, सगळंच दुर्मीळ होत चाललंय. विदर्भातली शकुंतला रेल्वे आपल्या डोळ्यांदेखत थांबली. दार्जिलिंग, निलगिरी आणि कालका–शिमला या गाड्या मात्र जागतिक वारसा ठरल्या, कारण लोकांनी त्या सोडल्या नाहीत.

आपणही सोडू नये. पाहुणे आले की सराफा आणि राजवाड्याबरोबर कालाकुंडही दाखवू या. महाराष्ट्र मंडळं, शाळा, ज्येष्ठ नागरिक संघ यांनी सहली ठरवाव्यात. गाडी पावसाळ्यापुरती न राहता हिवाळ्यातही धावावी, यासाठी रेल्वेच्या रतलाम मंडळाला सह्यांची पत्रं देऊ या. घरातले जुने फोटो आणि तिकिटं जपू या. निवृत्त रेल्वेवाल्या काकांच्या आठवणी आजच मोबाइलवर टिपून ठेवू या. त्या पुन्हा मिळायच्या नाहीत. आणि घाटात प्लास्टिक टाकायचं नाही, पाताळपाणीच्या धबधब्याच्या कडेला जायचं नाही, एवढं तर आपण पाळूच शकतो.

गाडी रिकामी धावली तर ती वाचवा म्हणून सांगायला आपल्याला तोंड राहणार नाही. तेव्हा या पावसाळ्यात घरच्या सगळ्यांची तिकिटं काढा, आणि शेजाऱ्यांनाही सोबत घ्या.