लगाम साहेबालाही हवा

मुंबई महापालिकेने निविदा ऑनलाइन केल्या, तेव्हा आता ठेकेदारांची 'रिंग' मोडणार असे छातीठोकपणे सांगितले गेले होते. पाकिटे आधीच फुटण्याची भीती नाही, की निविदापेटीसमोर माणसे उभी करून दुसऱ्याला अडवण्याची सोय नाही. 2014 मध्ये उघडकीस आले ते वेगळेच. काही अभियंत्यांनी निविदा भरण्याची खिडकी मोजकेच तास, आणि तीही मध्यरात्री, उघडी ठेवली होती. ज्यांना निरोप पोचला होता त्यांनी तेवढ्यात दर भरले; बाकीचे सकाळी संगणक लावून बसले तेव्हा मुदत संपून गेली होती. पोर्टलने कोणताच नियम मोडला नव्हता. उघडण्याची आणि मिटण्याची जी वेळ त्याला दिली, ती त्याने इमानेइतबारे पाळली. सरकारी खरेदी 'मानवी हस्तक्षेपाविना' होणार, अशी जाहिरात जेव्हा जेव्हा होते, तेव्हा एवढेच विचारावे : घड्याळ लावण्याचा अधिकार कोणाकडे आहे?

ऑनलाइन खरेदीने काही साधलेच नाही, असे म्हणणे मात्र कृतघ्नपणाचे होईल. 9 ऑगस्ट 2016 रोजी सुरू झालेल्या 'गव्हर्न्मेंट ई-मार्केटप्लेस'ने, म्हणजे 'जेम'ने, केंद्राच्या खरेदीचा चेहरा बदलला. पंख्यापासून संगणकापर्यंतच्या वस्तूंचे दरकरार वर्षानुवर्षे करत बसलेले पुरवठा व विल्हेवाट महासंचालनालय पुढच्याच वर्षी, 31 ऑक्टोबर 2017 रोजी, बंद झाले. 2017 च्या सर्वसाधारण वित्तीय नियमांनी 'जेम'वरील खरेदी सक्तीची केली. या पोर्टलवरची उलाढाल 2022-23 मध्ये दोन लाख कोटींच्या पुढे गेली, त्याच्या पुढच्या वर्षी चार लाख कोटींच्या, आणि 2024-25 मध्ये 5.4 लाख कोटींच्या. दहा लाखांपर्यंतच्या मागणीवर विक्रेत्याकडून शुल्क घेणे ऑगस्ट 2024 पासून बंद झाले. इचलकरंजीच्या किंवा बुटीबोरीच्या छोट्या उद्योजकाला दिल्लीतल्या कार्यालयाची पायरी न चढता तिथल्या मागणीवर दर भरता येतो, ही सोय लहान नाही. फक्त उलाढालीचे आकडे यशाचा दाखला म्हणून नाचवण्याची घाई नको. जिथे नियमानेच खरेदी करावी लागते, तिथे खरेदी वाढली यात नवल ते काय? त्या आकड्यांतून सक्ती किती झाली एवढे कळते. खरेदी किती चोख झाली, ते मोजायला दुसरीच मानके लागतील.

त्यातले पहिले मानक निविदेच्या अटींचे आहे. दर कोणी कमी भरला हे यंत्र क्षणात सांगते. पण दर भरण्याच्या रांगेत उभे कोणी राहायचे, हे अटी ठरवतात आणि अटी लिहितो माणूस. 'मागील तीन वर्षांत याच जिल्ह्यात याच स्वरूपाचे काम केलेले असावे', 'कामाच्या ठिकाणापासून अमुक किलोमीटरच्या आत स्वतःचा प्लांट असावा', 'निविदेपूर्वी स्थळपाहणीचा दाखला उपअभियंत्याच्या सहीने जोडावा' : या व्यवसायातल्या कोणालाही अशी वाक्ये दाखवली तर तो काम कोणाचे आहे ते ओळखून सांगेल. 'जेम'ने यावर थोडा इलाज केला आहे. प्रमाण अटी तिथे आपोआप निविदेत येतात. खरेदीदार खात्याला अतिरिक्त अटी घालता येतात, पण कोणत्या प्रकारच्या अटी घातल्यास त्या रद्दबातल समजल्या जातील, याची यादी निविदेच्या शेवटी छापलेली असते. कल्पना चांगली आहे. पण रद्दबातल अट मुळात टाइपच का करता यावी, याचे उत्तर कोणी देत नाही. बोलीदाराने अट वाचायची, ती यादीत बसते का ते ताडायचे, मग तक्रार करायची आणि त्याच साहेबाकडे पुढच्या कामासाठी जायचे, असा हा व्यवहार.

महाराष्ट्राच्या 'महाटेंडर्स' या निविदा पोर्टलवर तर अटींचा बहुतेक मजकूर पीडीएफमध्ये चढवलेला असतो. कित्येकदा सही-शिक्क्याचा कागद स्कॅन करून. दरांचा तक्ता तेवढा एक्सेलमध्ये. म्हणजे संगणकाला आकडे वाचता येतात आणि अटी वाचता येत नाहीत. एखादे खाते एकच अट दहा निविदांत घालते आहे आणि दहाही वेळा दोनच ठेकेदार पात्र ठरताहेत, हे यंत्राला कळण्याचा मार्गच ठेवलेला नाही. निविदेचा मसुदा प्रश्नोत्तरांतून तयार करून देणारी साधने जगात आता नवलाईची राहिलेली नाहीत. काम कोणते, किंमत किती, मुदत किती ते सांगा. लागू होणारे नियम आणि कलमे यंत्र स्वतः जोडते. तसे झाले तर लिपिकाचे श्रम वाचतील, शुद्धिपत्रकांचा पाऊस कमी होईल, आणि मुख्य म्हणजे प्रमाण मसुद्यात केलेला प्रत्येक फेरफार वेगळा उठून दिसेल. फेरफार करू नये असे नाही. डोंगरी तालुक्यातला रस्ता आणि पुण्यातला रस्ता एकाच साच्यात बसणार नाहीत. पण फेरफाराखाली करणाऱ्याचे नाव, हुद्दा आणि कारण असलेच पाहिजे, आणि ते निविदा भरणाऱ्याला त्याच वेळी दिसले पाहिजे.

दुसरे मानक आहे पाहण्याचे. पोर्टलला सगळे दिसत असते. त्याला पाहायला सांगितलेले नसते. छत्तीसगडच्या ई-खरेदीबाबत नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या 2019 मध्ये बाहेर आलेल्या अहवालात 17 खात्यांच्या 1,921 निविदांचा उल्लेख आहे. एकूण रक्कम 4,601 कोटी रुपये. ज्या संगणकांवरून अधिकाऱ्यांनी निविदेची माहिती चढवली, त्याच संगणकांवरून बोलीदारांचेही अर्ज भरले गेले होते. हे शोधायला गुप्तहेर लागले नाहीत. नोंदी पोर्टलमध्येच पडून होत्या. लेखापरीक्षक येईपर्यंत त्या कोणी वाचल्या नाहीत, इतकेच. पुणे महापालिकेच्या कचरा प्रक्रिया प्रकल्पांच्या निविदांचेही असेच. किमान तीन बोलीदार दिसावेत म्हणून नावापुरते स्पर्धक उभे केल्याचा ठपका ठेवून स्पर्धा आयोगाने 2018 मध्ये कंपन्यांना दंड ठोठावला. ते प्रकरण आयोगाकडे नेले पुण्यातल्या एका नागरिक संघटनेने, महापालिकेने नव्हे. एकाच यंत्रावरून आलेल्या दोन बोली, नेहमी एकाच क्रमाने हरणारे तेच तीन ठेकेदार, तीन लाखांची मर्यादा असेल तर दोन लाख नव्वद हजारांचे पाच तुकडे : हे ओळखायला कृत्रिम बुद्धिमत्तेचा बडेजावही नको. साधी तुलना पुरते. निविदा उघडण्याच्या क्षणी असा इशारा पडद्यावर आला आणि तो ओलांडून पुढे जाणाऱ्याला लेखी कारण द्यावे लागले, तर निम्मे प्रकार तिथेच थंडावतील.

आता तिसरी आणि या राज्यात सर्वात जिव्हारी लागणारी गोष्ट : वेळ आणि पैसा. बयाणा रक्कम भरायला एक मिनिट उशीर झाला की बोली बाद. एक प्रमाणपत्र जोडायचे राहिले की तांत्रिक लिफाफ्यातच गचांडी. काम पूर्ण करायला उशीर झाला तर दररोज दंड. ठेकेदाराच्या बाजूचे हे सगळे काटे यंत्राने घट्ट आवळले. पण मोजमाप पुस्तिकेवर सही कधी व्हायची, देयक कधी निघायचे, याला मात्र 'प्रक्रिया सुरू आहे' हेच उत्तर.

नियम नाहीत असेही नाही. 'जेम'वर माल पोचल्यावर तो स्वीकारल्याचे प्रमाणपत्र दहा दिवसांत द्यायचे असते. खात्याने ते दिले नाही तर प्रणाली आपोआप देते, आणि त्यानंतरच्या दहा दिवसांत पैसे चुकते व्हायला हवेत. साहेबाचे हात बांधणारा हा दुर्मीळ नियम. केंद्रीय अर्थ मंत्रालयाने ऑक्टोबर 2021 मध्ये बांधकामांच्या चालू देयकांपैकी किमान 75 टक्के रक्कम दहा कामकाजाच्या दिवसांत देण्याच्या सूचना काढल्या. सूक्ष्म व लघु उद्योगांचे पैसे 45 दिवसांच्या पुढे अडवले तर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज द्यावे लागते, असे 2006 चा कायदा सांगतो. हे व्याज सरकारी कार्यालयाकडे मागण्याची हिंमत किती पुरवठादार करतात? पुढचे टेंडर त्याच टेबलावरून निघणार असते. म्हणून व्याजाचा हिशेब मागणीशिवाय, यंत्रानेच मांडला पाहिजे आणि तो संबंधित कार्यालयाच्या खर्चात दिसला पाहिजे.

महाराष्ट्रात गेली दोन-तीन वर्षे ठेकेदारांच्या संघटना थकीत देयकांसाठी आंदोलने करत आहेत. सार्वजनिक बांधकाम, जलजीवन मिशन, ग्रामविकास, जलसंपदा. खाती वेगळी, रडगाणे एक. त्यांचे आकडे फुगवलेले असतील, नसतील. पण रोगाचे मूळ सगळ्यांना ठाऊक आहे. अर्थसंकल्पातली तरतूद एक आणि मंजूर केलेली कामे तिच्या कितीतरी पट. भूमिपूजन होते, कार्यादेश निघतो, ठेकेदार कर्ज काढून काम करतो, आणि निधी 'मार्च एंड'ला वाटून पुरेल तेवढा टिचभर मिळतो. इथे संगणक खरोखर कामाला येऊ शकतो. निधीवाटपाची 'बीम्स' प्रणाली राज्याच्या वित्त विभागाकडे आहे. तिथे पैसे राखून ठेवल्याशिवाय महाटेंडर्सवर निविदेला क्रमांकच मिळू नये, एवढा एक बदल केला तरी थकबाकीचा डोंगर वाढायचा थांबेल. तांत्रिकदृष्ट्या हे अवघड नाही. राजकीयदृष्ट्या आहे, कारण मग आमदारांना नारळ फोडण्यासाठी निधीची वाट पाहावी लागेल.

'नाही' म्हणू शकणारे यंत्र आपण अजून बसवलेलेच नाही. मुंबई महापालिकेच्या 2019 ते 2022 दरम्यानच्या खर्चावर महालेखापरीक्षकांनी मार्च 2023 मध्ये जो अहवाल दिला, त्यात 214 कोटींची 20 कामे निविदेविना दिल्याचे आणि 4,755 कोटींच्या 64 कामांत ठेकेदाराशी करारच झाला नसल्याचे नमूद आहे. देशातल्या सर्वात श्रीमंत महापालिकेत, ऑनलाइन निविदांच्या जमान्यात! करारनाम्याशिवाय कार्यादेश छापता येणार नाही असे कुलूप प्रणालीत असते, तर अहवालातले हे परिच्छेद लिहावेच लागले नसते.

नियम आवळणे म्हणजेच सुधारणा, असा मात्र समज नको. खरेदी अडली की माणसेही अडतात. राज्यातल्या सरकारी रुग्णालयांच्या औषधखरेदीचा प्रवास पाहावा : 2017 मध्ये ती हाफकिन महामंडळाकडे सोपवली, तिथे ती रखडत राहिली म्हणून 2023 मध्ये कायदा करून स्वतंत्र वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण आणले. त्याच वर्षी ऑक्टोबरात नांदेडच्या शासकीय रुग्णालयात 48 तासांत 31 रुग्ण दगावले. औषधटंचाईचा आरोप सरकारने नाकारला; मुंबई उच्च न्यायालयाला मात्र स्वतःहून दखल घ्यावीशी वाटली. संस्था बदलून खरेदी वेगवान होत नाही. कोणते औषध किती दिवस पुरेल हे साठ्याच्या नोंदीतून आधी कळले आणि मागणी तिथूनच उठली, तर होते. 'जेम'च्या सक्तीबद्दलची शास्त्रज्ञांची तक्रारही याच जातीची होती. सर्वात स्वस्त ते घ्या, या हट्टापायी प्रयोगशाळांच्या माथी भलतीच उपकरणे येत होती. जून 2025 मध्ये केंद्राने वैज्ञानिक संस्थांना 'जेम'बाहेर खरेदीची मुभा दिली, थेट खरेदीची मर्यादा एक लाखावरून दोन लाखांवर नेली. हा शहाणपणाचा निर्णय होता. छोटी खरेदी सोपी करावी, विश्वासाने करू द्यावी आणि नंतर नमुन्यादाखल कसून तपासावी. मोठ्या खरेदीत मात्र पावलोपावली उजेड असावा.

उजेडाचा धडा युक्रेनकडून घेण्यासारखा आहे. 2014 च्या जनआंदोलनानंतर स्वयंसेवकांनी उभे केलेले 'प्रोझोरो' हे पोर्टल ऑगस्ट 2016 पासून तिथे सर्व सरकारी खरेदीला सक्तीचे झाले. हरलेल्या बोली, करार, त्यातले नंतरचे बदल, सारे कोणालाही पाहता येते. युद्ध सुरू झाल्यावर संरक्षण खात्याची खरेदी पडद्याआड गेली, आणि जानेवारी 2023 मध्ये तिथल्या पत्रकारांनी सैनिकांसाठी दुकानातल्या भावाच्या दुपटीहून महाग अंडी घेण्याचा करार उघड केला. उपमंत्र्यांना जावे लागले. युद्ध चालू असलेल्या देशाने खुल्या निविदा त्याच सुमारास पुन्हा सक्तीच्या केल्या, हे 'गोपनीयते'ची सबब सांगणाऱ्या आपल्या महापालिकांनी ध्यानात घ्यावे.

राज्य सरकारला सुरुवात करायचीच असेल तर नव्या पोर्टलची, नव्या सल्लागार कंपनीची आणि नव्या बोधचिन्हाची गरज नाही. प्रत्येक विभागाकडे किती देयके, कोणत्या टेबलावर, किती दिवसांपासून पडून आहेत याची यादी महाटेंडर्सवर रोज आपोआप दिसावी, आणि त्यासाठी ठेकेदाराला माहिती अधिकाराचा अर्ज करावा लागू नये. सही कोणाची बाकी आहे, त्या हुद्द्याचे नाव त्या ओळीत असावे.