रूप एक, कारणें दोन

गेल्या माघांत एके पहाटे आमच्या थोरल्या वहिनींच्या छातींत कळ आली. इस्पितळांत नेलें. रक्तांत ट्रोपोनिन वाढलेलें आढळलें आणि घरांत एकच शब्द सर्वांच्या तोंडीं झाला : हृदयविकाराचा झटका. "धमनींत गुठळी असणार, ती आजच काढा," असा पुतण्यांनीं आग्रह धरला. डॉक्टरांनीं मात्र वहिनींच्या डोळ्याची पापणी खालीं ओढून पाहिली व विचारलें, "आजी, कोठून रक्त जातें काय?" तेव्हां कळलें कीं, मूळव्याधीचा रक्तस्राव चार महिने चालला होता, लाजेनें त्यांनीं तो कोणास सांगितला नव्हता. हिमोग्लोबिन अवघें ६ वर आलें होतें.

'हृदयविकाराचा झटका' हें नांव एक असलें तरी त्याच्या पोटीं प्रकार अनेक आहेत. हृदयरोगतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संस्थांनीं २००७ सालीं ते पांच ठरविले व २०१८ सालच्या व्याख्येंतही ते कायम राखले. त्यांपैकीं पहिले दोन गृहस्थांनीं जाणण्याजोगे आहेत. पहिल्यांत धमनींतील मेदाचा थर फुटतो किंवा झिजतो, त्यावर गुठळी धरते आणि रक्ताची वाट अडते. दुसऱ्यांत अशी गुठळी नसते. रक्तक्षय, अतिजलद नाडी, फार उतरलेला रक्तदाब, श्वसनाचा विकार अशा कारणांनीं हृदयाच्या स्नायूस लागेल तितका प्राणवायु पोंचत नाहीं. मिळकत व खर्च यांचा मेळ मोडला म्हणजे संसाराची जी गत, तीच येथें.

ट्रोपोनिन हें हृदयाच्या स्नायूंतील प्रथिन. स्नायूस इजा झाली कीं तें रक्तांत उतरतें. इजा झाली हें तें सांगतें. कशानें झाली हें सांगत नाहीं. आयुर्वेदानें रोगज्ञानाचीं निदान, पूर्वरूप, रूप, उपशय व संप्राप्ति अशीं पांच साधनें मानिलीं आहेत. त्या परिभाषेंत बोलावयाचें तर येथें रूप एक, पण संप्राप्ति निराळी. म्हणून उपचारही निराळा. पहिल्यांत गुठळी रोखणारीं औषधें देऊन धमनी मोकळी करतात. दुसऱ्यांत मूळ कारण आधीं दूर करावें लागतें. आधींच रक्त जात असलेल्या रोग्यास रक्त गोठूं न देणारें औषध दिलें तर उपायाचाच अपाय व्हावयाचा.

हा भेद रक्तांतील जनुकीय खुणांवरून ओळखतां येईल काय, याचा शोध चालू आहे. जनुकें म्हणजे जन्मतः लाभलेली पोथी. ती झटक्यानें बदलत नाहीं. परंतु तींतील कोणत्या पानाच्या किती नकला उतरावयाच्या, हें प्रसंगानुसार बदलतें. या नकलांस आर्. एन्. ए. म्हणतात. गुठळी धरतांना पांढऱ्या पेशी व प्लेटलेट जागृत होतात. तेव्हां त्यांतील नकलांचा मेळ निराळा दिसावा, हा यामागील तर्क. अडचणीही आहेत. दुसऱ्या प्रकाराचीं कारणें नाना, आणि जंतुसंसर्गासारखें कारण स्वतःच पांढऱ्या पेशींतील नकला बदलतें. शिवाय प्रकार पहिला कीं दुसरा, हें आजही पुष्कळदां डॉक्टरांच्या अनुमानावरच ठरतें. म्हणजे ज्या मापानें नवी खूण पारखावयाची तें मापच पुरतें पक्कें नाहीं. यास्तव ही परीक्षा अद्याप नित्याच्या उपचारांत आलेली नाहीं.

वहिनींस रक्त चढविलें, मूळव्याधीवरही उपाय झाला. आतां तुळशीस पाणी त्या स्वतः घालतात. वाचकांनीं यांतून एवढेंच घ्यावें : छातींत कळ आल्यास प्रकार कोणता, याचा खल घरीं करूं नये, तत्काळ इस्पितळ गांठावें. तेथें मात्र रक्तस्राव, ताप, चालू औषधें यांतील कांहींएक झांकूं नये. नवी परीक्षा हातीं येईपर्यंत रोग्याची जीभ हीच मोठी खूण आहे.

पण ती जीभ मोकळी व्हावयास कोणी विचारणारें हवें. आमच्या घरांत माणसें अकरा. वहिनींचा उतरलेला चेहरा चार महिने आम्ही सर्वांनीं रोज पाहिला. एकानेंही विचारलें नाहीं. त्या अकरांत आम्हीही होतों.